मास्तरची रेघ

"अरे दाजी! डाव्या पायाला क्रीज दोनदा पडलीय. डोळे काय गहाण टाकलेत का?"

रस्त्यापलीकडच्या पायऱ्यांवरून हा आवाज आला, तसं दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. त्याला वाटलं, समोर बसलेला वेडा काहीतरी बरळतोय. मी मुकाट्यानं पॅंट उचलली आणि उजेडात धरली. क्रीज दोनदा पडली होती.

तो वेडा माझा मेहुणा. माझ्या बायकोचा थोरला भाऊ. सगळा रस्ता त्याला मास्तर म्हणतो, कारण कधीकाळी तो आमच्या दुकानाचा कटर होता. दुकान सासऱ्यांचं. मी तिथं कपड्यांना इस्त्री करायला लागलो, मालकाच्या मुलीशी सूत जमलं, जावई झालो, पण हातातली इस्त्री काही सुटली नाही. लग्नाआधी मास्तर आणि मी एकाच कपातून चहा प्यायचो. लग्नानंतर तो मला दाजी म्हणायला लागला, पण "अरे दाजी". मान आणि अपमान एकाच घासात भरवायची त्याला भारी हौस.

कापड कापण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. निळा खडू हातात घेतला की एका दमात रेघ ओढायचा, बाहीचा गोल असो की कॉलरची कड. आणि रेघ मारली की थांबायचा. गिऱ्हाइकाला टेबलापाशी बोलवायचा, इथून इथवर कापणार म्हणून दाखवायचा, आणि तो "कापा" म्हणाला की मगच कात्री उचलायचा. हा नियम सासऱ्यांचा. मास्तरनं तो डोक्यावर घेतला. एकदा एक बाप मुलाच्या लग्नाचा सूट शिवायला आला आणि मुलगा बाजूला मान खाली घालून उभा. बाप म्हणाला, "कापा." मास्तर ढिम्म. बाप पुन्हा म्हणाला, "अहो कापा, मी सांगतोय ना." मास्तर म्हणाला, "तुम्ही घालणार आहात का? ज्याच्या अंगावर चढणार तो सांगेल." बाप लालबुंद झाला. मुलगा हळूच म्हणाला, "थोडा सैल ठेवा." मास्तरनं रेघ पुसली आणि नवी मारली. खडू एवढ्यासाठीच असतो, असं तो म्हणायचा. पुसता येतो.

मग त्याच्या डोक्यात ते शिरलं. आधी त्यानं टेप गळ्यात घालणं सोडलं. मग म्हणायला लागला की झोपल्यावर छत त्याचं माप घेतं. माणसाची सगळी मापं एका जागी गोळा झाली की त्याच्यासारखा दुसरा बनवता येतो, आणि दुसरा बनला की पहिल्याची गरज उरत नाही. हे तो इतक्या शांतपणे सांगायचा की ऐकणाऱ्यानं क्षणभर वर बघावं. खोलीतून तो गॅलरीत झोपायला गेला, गॅलरीतून अंगणात.

बायको त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तेव्हा तो गेला, आपल्या पायांनी गेला. गोळ्या सुरू झाल्या आणि छत गप्प बसलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळी बदलली, मात्रा कमी केली, थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. एका कोटाच्या कापडावर रेघ ओढताना खडू दोनदा उडाला. मास्तर त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्यानं आपली कात्री, जी तो मलाही शिवू द्यायचा नाही, ती बहिणीच्या हातात ठेवली. "गोळ्यांनी आवाज जातात, चिमणे," तो म्हणाला, "पण रेघही जाते." आणि गोळ्या सोडून, रस्ता ओलांडून बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. तिथं डोक्यावर छत नाही. पाऊस आला तर छत्री उघडतो. छत्री त्याला चालते, कारण ती मिटता येते.

तेव्हापासून तो तिथं आणि आम्ही इथं. बायकोनं आपलं मशीन दारापाशी ओढून घेतलं, तोंड रस्त्याकडे. मान खाली घालून टीप मारते, पण मास्तर उठला, खोकला, कुणी त्याच्याशी हुज्जत घातली, सगळं तिला कळतं. तेव्हा दोन्ही वेळचा डबा तीच न्यायची. जाताना गळ्यातली टेप काढून खिळ्याला अडकवायची. टेप बघितली की तो उठून चालायला लागायचा. तिनं दिलेले कपडे तो आधी पूर्ण उसवायचा आणि स्वतःच्या हातानं पुन्हा शिवायचा. मी एकदा म्हणालो, "तुझ्या बहिणीच्या शिलाईवरही भरवसा नाही का रे?" तर म्हणाला, "तिच्यावर आहे. दोऱ्यावर नाही."

मला त्याचा राग यायचा. खरं सांगतो, खूप यायचा. धडधाकट माणूस, हातात कसब, समोर हक्काचं घर, आणि हा दगडावर. राग कुणावर काढायचा हे कळायचं नाही म्हणून मी इस्त्रीवर काढायचो.

पायाचं आधी मला कळलं. डबा द्यायला त्या दिवशी मी गेलो होतो, बायकोला ताप होता. जवळ बसलो तर वास आला. सिनेमाच्या जुन्या फलकाचा पत्रा त्याच्या डाव्या पायात घुसला होता आणि त्यानं जखमेवर कापडाची पट्टी गुंडाळली होती, सुबक, कच्चा टाका घालून. पट्टी पिवळी झाली होती. त्याच्या वर पाऊल फुगलेलं, आणि लाली घोट्याच्या पुढे चढलेली.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"पाय," तो म्हणाला. "तुलाही दोन आहेत."

बायको ताप विसरून उठली. रस्त्यावरच्या माणसांसाठी आरोग्याची एक गाडी फिरते, तिला तिनं फोन लावला. दुपारी गाडी आली. डॉक्टरीण तरुण होती, चेहऱ्यावर झोप नसलेली. मास्तरसमोर ती पायरीवर बसली, खालच्या पायरीवर, हे मला आवडलं. तिनं त्याला नाव विचारलं, वार विचारला, समोर काय आहे ते विचारलं. मास्तरनं सगळं बरोबर सांगितलं, आणि वर, "समोर माझ्या बहिणीचं दुकान आहे, आणि तो जो हाताची घडी घालून उभा आहे ना, तो माझा दाजी, त्याला इस्त्री येत नाही," हेही सांगितलं.

"पायाला काय झालंय?"

"पिकलाय."

"इलाज केला नाही तर काय होईल?"

"विष वर चढेल. मी मरेन."

"मग चला ना माझ्याबरोबर."

"तिथं माप घेतात."

"कशाचं?"

"तापाचं, वजनाचं, रक्ताचं, दाबाचं. घेतात की नाही? खरं सांगा."

डॉक्टरणीला खोटं बोलता आलं असतं. "घेतात," ती म्हणाली.

"मग नाही," मास्तर म्हणाला. जखमेच्या गोळ्यांनाही नाही म्हणाला. जखम मात्र त्यानं तिला धुवू दिली, आणि ती धूत असताना दात आवळून समोरच्या आमच्या पाटीकडे बघत राहिला.

नंतर ती दुकानात आली. बायकोनं तिला स्टूल दिलं. ती म्हणाली, मनाचा आजार आहे यात शंका नाही, पण पायाचं त्याला सगळं कळतंय. काय झालंय ते कळतंय, काय होईल ते कळतंय, आणि तो नको म्हणतोय. अशा माणसाला उचलून नेता येत नाही. तिनं वरिष्ठांना तिथूनच फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं. "लक्ष ठेवा," ती म्हणाली. "बोलणं भरकटलं, माणसं ओळखेनासा झाला, की लगेच फोन करा. मग नेता येईल."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे मरायला टेकला की न्यायचं?"

"तसं म्हणू नका."

"मग कसं म्हणू?"

ती म्हणाली, "मलाही दुसरं कसं म्हणायचं ते कळत नाही." मग ती बायकोकडे वळली. "मागे एकाला आम्ही चौघांनी धरून नेलं. बरा झाला. पण आता आमची गाडी दिसली की पळतो. दुसऱ्यांदा आजारी पडला तेव्हा सापडलाच नाही." मी तिच्याशी भांडायच्या तयारीत होतो, पण त्यानंतर मला भांडता येईना.

संध्याकाळपर्यंत बायकोनं एकही टीप मारली नाही. मग उठली, टेप खिळ्याला अडकवली, टेबलावरचा निळा खडू पाण्यात बुडवून ओला केला आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग गेलो.

"दादा," ती त्याच्या पायाशी बसली, "टेप आणली नाही. माप नाही घेणार. लाली जिथं संपते तिथं एक रेघ मारते. उद्या दुकान उघडेपर्यंत लाली रेघेच्या आत राहिली तर मी तुला पुन्हा काही म्हणणार नाही. रेघ ओलांडली तर तू गाडीत बसायचं."

मास्तर विचारात पडला. दुपारी डॉक्टरणीनं लालीची कड आखायला पेन काढलं होतं, ते त्यानं हातानं बाजूला सारलं होतं, शाई पक्की असते म्हणून. खडूकडे मात्र तो बघत राहिला. दुकानाचीच भाषा होती ती.

"कुठं मारणार, दाखव," तो म्हणाला.

तिनं बोट ठेवलं. तो बघत राहिला, तिच्या बोटाकडे आणि मग तिच्या तोंडाकडे. माझा जीव टांगणीला लागला.

"मार."

तिनं घोट्याच्या वर पायाभोवती निळी रेघ ओढली. हात जराही हलला नाही. परत येताना ती इतकी झपझप चालत होती की मला वाटलं, आता रडणार. रडली नाही. दुकानात शिरल्यावर मला म्हणाली, "मी मार्जिन घेतलंय."

मला आधी कळलंच नाही. शिवणकामात रेघेबाहेर बोटभर कापड सोडतात, शिलाईत दाबायला. जन्मभर तिचा हात तसाच चाललाय. पण इथं तिनं ते उलटं केलं होतं. लाली जिथं संपत होती तिथं नाही, बोटभर खाली, लालीच्या आत तिनं रेघ मारली होती. सकाळी लाली रेघेबाहेर असणारच होती, कारण ती आत्ताच बाहेर होती.

"अगं, त्याच्या लक्षात आलं असतं तर?"

"नाही आलं," ती म्हणाली. "उद्या गाडी बोलावू." मी तिला शाबासकी दिली. तिनं ती घेतली नाही, दिवा मालवला आणि मशीनवर कापड टाकलं.

सकाळी शटर वर केलं तर मास्तर तसाच बसलेला, डावा पाय सरळ पसरून. रात्रभर त्यानं पाय हलवला नव्हता. रेघ जशीच्या तशी होती. लाली मात्र पोटरीच्या मध्यापर्यंत गेली होती, आणि त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

बायको धावत गेली. "दादा, ओलांडली रेघ. चल."

"तू बोटभर आत मारलीस," मास्तर म्हणाला.

ती जागच्या जागी थिजली.

"मी काल बघितलं. म्हटलं, बघू, येऊन दुरुस्त करते का. तू आली नाहीस." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "बाबांनी मला दुकान दिलं नाही चिमणे, रेघ दिली. तुलाही तीच दिली. गिऱ्हाइकाला दाखवायचं एक आणि कापायचं दुसरीकडे, हे शिकवलं का आपल्याला?"

त्यानं अंगठ्याला थुंकी लावली आणि रेघ पुसून टाकली. "बाद," तो म्हणाला. "नाही येणार."

"दादा, लाली खरंच चढलीय! रेघ खोटी असेल, लाली खोटी आहे का?"

"ते तू काल म्हणायचं होतं."

ती पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. येणारे जाणारे थांबायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे गाढवा," मी ओरडलो, "ती तुझ्यासाठी खोटं बोलली! तुला जगवायला! तिची रेघ बाद, ठीक आहे. मग तू मार. तू मास्तर ना? घे खडू, मार तुझ्या हातानं, खरी मार. आणि मग शब्द पाळ." खडू मी त्याच्या मांडीवर जवळजवळ फेकलाच.

त्यानं खडू उचलला. जीभ लावून ओला केला. पोटरीवर, लालीच्या अगदी कडेला टेकवला, आणि ओढला. रेघ निघाली ती वाकडी. मध्येच खाली घसरली, पुन्हा वर गेली, शेवटी तुटली. तापानं त्याचा हात लटलटत होता. त्यानं अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा ओढली. पुन्हा तशीच. बायको रडायची थांबली. आम्ही तिघेही त्या रेघेकडे बघत होतो.

"गोळ्या तर घेत नाहीये मी," तो हळू म्हणाला.

ज्या हातासाठी त्यानं घर सोडलं, दिवे सोडले, बिछाना सोडला, तो हात त्याच्या मांडीवर पडून थरथरत होता.

"ही राहू दे," तो शेवटी म्हणाला. "वाकडी आहे पण खरी आहे. ही ओलांडली तर गाडीत बसतो. दाजी, तू साक्षीला."

दुपारपर्यंत बायको दुकानात आली नाही. पायरीवरच बसून राहिली, त्याच्यापासून हातभर लांब, कारण जवळ सरकली की तो मान फिरवायचा. मी इकडून बघत होतो आणि एकाच शर्टावर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होतो. मग ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हात हलवायला लागली. मी पोचलो तेव्हा मास्तर मला "बाबा" म्हणाला. मग कापडाचं गाठोडं कुठं ठेवलं असं विचारलं, आणि आकाशाकडे बोट दाखवून छत खाली येतंय म्हणाला. त्याला उघड्यावरही छत दिसायला लागलं होतं. पोटरीवरची लाली वाकड्या रेघेच्या वर, गुडघ्याकडे निघाली होती.

फोन केला. गाडी आली. तीच डॉक्टरीण होती. तिनं तेच प्रश्न विचारले, नाव, वार, समोर काय आहे. त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड फिरवलं.

स्ट्रेचरवर घेतलं तसा तो ओरडायला लागला. बरोबरच्या माणसानं दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि मास्तरनं सगळा रस्ता गोळा होईल अशी किंकाळी फोडली. "माप! माप घेतायत! चिमणे, नको म्हण! नको म्हण त्यांना!" डॉक्टरणीनं बायकोकडे बघितलं. माझी बायको स्ट्रेचरची दांडी धरून उभी होती, बोटं पांढरी पडलेली. सकाळी तो हो म्हणाला होता, आत्ता नको म्हणत होता. दोन्ही त्याच्याच तोंडचं होतं. तिनं त्याच्या पोटरीवरून हात फिरवला, त्या निळ्या रेघेवरून, पुसू न देता.

"सकाळी रेघ मारताना तो शुद्धीत होता," ती म्हणाली. "न्या."

हॉस्पिटलात सांगितलं, विष रक्तात पसरलंय. पाय ठेवला तर माणूस राहणार नाही. सर्जननं गुडघ्याच्या वर पेनानं खूण केली, शाईची, आणि बायकोसमोर कागद धरला. तिनं तो घेतला नाही. "त्याला विचारता येईल का?" ती म्हणाली. सर्जन म्हणाला, "तो शुद्धीवर येण्याची वाट बघायला वेळ नाही." तरी ती आत गेली, त्याच्या कानाशी वाकली, "दादा, दादा" करत राहिली. तो कापडाच्या गाठोड्याबद्दलच बोलत होता. बाहेर येऊन मला म्हणाली, "रेघ ओलांडली तर गाडीत बसायला तो हो म्हणाला होता. कापायला नाही."

"अगं, हो म्हण!" मी ओरडलो. "मेल्यावर कुणाला विचारणार आहेस?"

"अंग त्याचं आहे," ती म्हणाली. आणि मग त्या पेनाच्या खुणेसाठी, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याच्या अंगासाठी ती म्हणाली, "कापा."

शुद्धीवर आला तेव्हा आम्ही दोघं खाटेपाशी होतो. त्यानं चादरीकडे बघितलं, जिथं ती सपाट होती तिथं.

"रेघ कुणी मारली?"

"सर्जननं," मी म्हणालो.

"हो कोण म्हणालं?"

मी "मी" म्हणणारच होतो. तोंड उघडलंही होतं. "मी," बायको म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. हॉस्पिटलात होता तोवर तो नर्सशी बोलला, मनाच्या डॉक्टरांशी बोलला, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी तर गप्पा मारल्या. तिच्याशी एक शब्द नाही. ती रोज जायची, तासभर त्याच्या पाठीकडे बघत बसायची आणि परत यायची. मी एकदा म्हणालो, "मरू द्यायला हवं होतं का मग?" तिनं इतक्या शांतपणे "गप्प बस" म्हटलं की मी त्या दिवशी जेवायलाही मागितलं नाही.

बरा झाल्यावर तो कुबडी घेऊन परत आला. कुठं? पायऱ्यांवर. त्याला छताखाली बांधून ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि आम्हाला ते करायचंही नव्हतं. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. तिथं असेपर्यंत घेतल्या, पुढं तो घेईल की नाही यावर त्यानं ना हो म्हटलं ना नाही. डॉक्टरीण गाडी घेऊन येते तेव्हा गोळ्यांची पट्टी त्याच्या शेजारी ठेवते आणि जाते. आधीच्या किती उरल्या ते बघत नाही. ती म्हणते, बघितलं तर तो टाकून देईल. डबा मी नेतो, कारण बायको दारात दिसली तरी तो पाठ करतो. ती दारात टेप हातात घेऊन उभी राहते, काढलेली, आणि मी रिकामा डबा घेऊन येईपर्यंत तशीच असते. "खाल्लं?" एवढंच विचारते. "खाल्लं," मी म्हणतो. गोळ्यांचं ती विचारत नाही, आणि विचारलं असतं तरी मला माहीत नव्हतं. आम्हा दोघांनाही रोज भीती वाटायची, छत पुन्हा खाली यायला लागेल आणि या वेळी तो उठून कुठंतरी निघून जाईल.

मग एक दिवस डब्याबरोबर त्यानं पॅंट दिली. हॉस्पिटलातून मिळालेली, त्याची एकुलती एक. डावा पाय लोंबायचा, कुबडीत अडकायचा. त्या डाव्या पायावर निळ्या खडूची रेघ होती.

"दे तिला," तो म्हणाला.

मी दुकानात येऊन पॅंट टेबलावर पसरली आणि माझं तोंड वाकडं झालं. रेघ कसली, ओळ चुकलेल्या मुंग्या. वर जाई, खाली येई, दोन ठिकाणी तुटलेली. "बघ काय अवस्था," मी म्हणालो. "आण, पट्टी लावून सरळ करून देतो, मग काप."

"हात लावू नकोस."

"अगं, ही रेघ आहे का?"

"ताप आहे त्याला?" तिनं विचारलं.

"नाही. हाताला हात लागला, गार होता."

"कापलेला पाय फुगलाय? अंग थरथरतंय? थंडी वाजतेय?"

"काही नाही. चांगला शिव्या देतोय मला."

ती टेबलावर वाकली. त्या रेघेवरून बोट फिरवायला लागली, टोकापासून टोकापर्यंत, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कापडावर पडू नये म्हणून तिनं तोंड बाजूला केलं.

"गोळ्या घेतोय तो," ती म्हणाली.

मग तिनं मास्तरची कात्री काढली. त्या रेघेवरून कापलं, जिथं रेघ वर गेली तिथं वर, जिथं घसरली तिथं खाली. बोटभर मार्जिनही बाहेर सोडलं नाही. कापलेल्या कडेला आतून पट्टी लावली आणि प्रत्येक वळणावर थांबून, मशीनचं चाक हातानं फिरवत, टीप मारली. असली वाकडी दुमड आमच्या दुकानातून कधी बाहेर पडली नव्हती. मी इस्त्री केली. क्रीज एकदाच पाडली, चांगली बघून.

मी पॅंट घेऊन रस्ता ओलांडला. मास्तरनं ती मांडीवर घेतली. उसवेल असं मला वाटलं. त्यानं दुमडीवर बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवत नेलं, प्रत्येक वळणावर थांबत, शेवटपर्यंत. मग आतली बाजू उलटून बघितली. मग मान वर केली.

"चिमणे!" तो रस्त्यापलीकडे ओरडला. "चहा आण!"

ती कप घेऊन निघालीच, चहा सांडत. अर्ध्या रस्त्यात तिचा हात गळ्याकडे गेला. टेप गळ्यातच होती. ती तशीच मागं वळली, दारातल्या खिळ्याला टेप अडकवली, आणि पुन्हा धावत आली.